पाटीतली राखी पट्टी

तात्या,

आज दादाने दुकानाच्या माळ्यावरचे शेवटचे खोके खाली घेतले. आतल्या पेंढ्याचा भुगा झाला होता आणि त्या भुग्यात लिहायच्या दगडी पाट्या होत्या. तुम्ही गेल्यावर ते खोके भरून माळ्यावर गेले, ते पुन्हा कुणी उघडलेच नव्हते. बऱ्याच फुटल्या आहेत. दादा आता पाट्या ठेवत नाही. पुण्याहून पत्र्याच्या पाट्या येऊ लागल्या आहेत, त्या हातातून पडल्या तरी फुटत नाहीत, आणि दादाला गाड्यांच्या चाकांचे आणि दारखिडक्यांचे काम पुष्कळ आहे. "तुला काय लागंल ते घे, बाकीचं मी वट्ट्याच्या भरीला टाकतो," तो म्हणाला. मी खोक्याच्या तळाशी हात घातला तेव्हा मला काही विशेष शोधायचे नव्हते. हाताला एक जाड चौकट लागली. इतकी जाड चौकट तुम्ही एकाच पाटीला केली होती, त्यामुळे बाहेर काढण्याआधीच ती कोणती ते मला कळले.

मी थोड्या दिवसांसाठी बारामतीला आले आहे. सोमवारी पुण्याला परतल्यावर मला माझा प्रबंध द्यायचा आहे आणि त्यातले शेवटचे पान ठेवायचे की काढायचे हे त्याआधी ठरवायचे आहे. प्रबंध मान्य झाला तर कॉलेजातली माझी हंगामी जागा कायम होईल. नाही झाला तर जागा जाईल, आणि आईने इंदापूरचे एक स्थळ पाहून ठेवले आहे. ती मला धाक घालत नाही. नोकरी नाही तर घर, अशी तिने आपल्या मनाशी सोय लावली आहे. त्या पानाबद्दल बोलावे असे इथे कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की आता मीच माझी ओळख द्यायला हवी. मी दगडांचा अभ्यास करते.

तुमचे दुकान आणि तुमचे कामाचे ठिकाण एकच होते, रस्त्याकडे तोंड असलेली ती एक खोली. छोट्या रेल्वेने दौंडवरून बिनचौकटीच्या पाट्यांची खोकी येत. स्टेशनावरून हमाल ती आणून टाकी आणि तुम्ही पेंढा बाजूला सारून एकेक पाटी काढत असा. पाटी दोन बोटांवर तोलायची, कानाजवळ न्यायची आणि मधल्या बोटाने टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर उजवीकडे, बद्द वाजली तर डावीकडे. मग बाभळीच्या पट्ट्या, रंधा, खाच, कोपऱ्याला लाकडी खिळा. मी भुशात बसलेली असते. माझ्या मांडीवर डावीकडचा एखादा तुकडा असतो आणि मी त्याचे पापुद्रे नखाने सोडवू पाहते. तुम्ही मला कधी ऊठ म्हणत नाही. फक्त रंध्याची साल माझ्या अंगावर उडाली की "सर वाईच" एवढे म्हणता.

पाटी म्हणजे काय याबद्दल तुमचे मत पक्के होते आणि ते तुम्ही येईल त्याला सांगत असा. एकदा जळोचीचा एक माळी मुलासाठी पाटी घ्यायला आला. वांग्यांची पाटी त्याने उंबऱ्याबाहेर ठेवली होती. हातातली दगडी पाटी उलटसुलट करत तो म्हणाला, "तात्या, ह्यो दगड कुठला वो? आमच्या हिरीला सुरुंग लावून लावून हात गेलं, पर असला दगड कवा निघाला न्हाय."

"निघंल कसा? दगडच न्हाय ह्यो. गारा हाय, मळल्याला चिखल. ममईला यंत्र हाय, त्यात काळा गारा भरत्यात आन् वरनं दाबत्यात. कौलं करत्यात तसं."

"मग ह्यो राखी पट्टा कसला मदीच?"

"दोन गारं मिसळताना यंत्रावरचा गडी झोपला आसंल."

"मग त्याच्या झोपंचं काय कमीजास्त करा की."

"करतो. पर उद्या तुजं पोरगं पाटीवर डोकं ठिवून झोपलं तर माज्याकडं यायचं न्हाय."

इथे जन्मलेल्या माणसाची ही चूक मला आज फार समजण्यासारखी वाटते. बारामतीहून कुठल्याही दिशेला दिवसभर बैलगाडी हाकली तरी दुसरा खडक भेटत नाही. आपला काळा दगड म्हणजे जमिनीतून उतू गेलेला आणि थंड झालेला रस. भाकरी एकावर एक रचाव्यात तसा तो थरांनी आडवा पडलेला आहे आणि घण घातला की त्याचे ओबडधोबड गोटे होतात. त्याचे पातळ, सपाट, हाताएवढे पापुद्रे कधीच निघत नाहीत. ज्याने जन्मभर हाच दगड पाहिला त्याने पाटीला दगड मानायला नकार दिला, यात चूक कमी आणि विचार जास्त होता.

मला मात्र तुमचे म्हणणे तपासून पाहायचे होते. डावीकडचा एक तुकडा मी घरात नेला आणि स्वयंपाकघरात फळीवर मागे राहिलेल्या पितळी तांब्यात पाण्याखाली ठेवला. रोज बोट घालून पाहत होते. मग कुणी पाहुणा आला, आईने नेमका तोच तांब्या उचलला आणि तो तसाच हातात घेऊन ती दुकानात आली. "ह्ये बघा तुमचं लाडकं. पाव्हण्याला पाटीचं पानी पाजत हुते मी."

"शिजली का?" तुम्ही विचारले.

आई हसू दाबत आत गेली. मी म्हणाले, "तात्या, विरघळत न्हाय. गारा असता तर विरघळला असता." तुम्ही रंधा थांबवलात. तुकडा पुसलात, वाजवून पाहिलात, पुन्हा पुसलात. "वीट विरघळती व्हय पावसात?" "भाजलेली न्हाय विरघळत." "मग? दाबून वर भाजली आसंल." आणि रंधा पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने, मान वर न करता, तुम्ही मला जे बोललात ते तुमच्याकडून मला मिळालेले एकमेव रागावणे आहे, म्हणून शब्दन् शब्द लक्षात आहे. "माल भिजवायच्या आदी मला इचारायचं. भिजवू नगं म्हनत न्हाय मी. इचार म्हनतो."

इंदापूरला आपण सर्व्हिस मोटारीने गेलो तो दिवस त्यानंतरचा. तिथल्या शाळेने पाट्या मागवल्या होत्या आणि मोटारीच्या टपावर खोके बांधून तुम्ही मला बाजार दाखवायला बरोबर घेतले होते. शाळेच्या ओसरीत हेडमास्तर स्वतः पाट्या पाहायला आले. उंच, चष्मा लावणारे, कोटाची सगळी बटणे लावलेले. त्यांनी राखी पट्ट्याची एक पाटी बाजूला काढली आणि तुम्ही नेहमीप्रमाणे ममईचे यंत्र, गारा आणि झोपलेला गडी सांगितलात. हेडमास्तर म्हणाले, "अहो मिस्त्री, हा दगडच आहे. डोंगरातून खणून काढतात. यंत्र कसले आले त्यात!" दोन मास्तर मागे उभे होते, ते हसले. एक म्हणाला, "मिस्त्री, मग डोंगरसुद्धा यंत्रातच पाडत असतील!" ओसरीतली मुलेही हसली. मी तुमच्या धोतराचा सोगा धरला होता आणि तो मुठीत गोळा झाला.

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही पाटी आडवी धरून तिची कड त्यांच्या चष्म्यासमोर नेलीत. "डोंगरातनं काढत्यात म्हंता, तर आसंल. तुमी शिकल्यालं. पर ह्यो दाबल्याला हाय, ह्ये तर तुमाला बी दिसतंय न्हवं? मग मास्तर, डोंगरात त्याला दाबलं कुणी?"

"देवानं," मागचा मास्तर म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी पाटीची कड बराच वेळ पाहिली, नख फिरवले. मग म्हणाले, "ते मात्र मला ठाऊक नाही."

परतीच्या मोटारीत तुम्हाला वाईट वाटले आहे असे मी समजून चालले होते. इंदापूर दूर मागे पडल्यावर तुम्ही म्हणालात, "मास्तर चांगला हाय." मी विचारले, कशावरून. "ठावं न्हाय म्हनला. शाळंतल्या पोरांदेखत म्हनला." आणि तुम्ही डोळे मिटलेत. दगडाबद्दलचे मत तुम्ही बदलले नाही. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाला तेच यंत्र, तोच गडी.

आणखी एक दिवस मला आज वारंवार आठवतो. तुम्हाला सांगवीला एका शेतकऱ्याकडे बाभळ पाहायची होती. त्याचे गुऱ्हाळ चालू होते. पाटाच्या पाण्यावरचा ऊस, कढईत उकळता रस, आणि खाली चुलाणात चिपाडे सारणारा माणूस. तुम्ही लाकडाचे बोलत बसलात आणि मी कढईच्या काठाशी उभी राहिले. रसावर मळी आली होती. मधून रस उसळून वर येत होता आणि काठाकडे सरकत होता, त्याबरोबर मळीचे तुकडेही सरकत होते. दोन मोठे तुकडे एकमेकांवर आले. त्यांच्या मध्ये पातळ साय होती, ती आक्रसली, तिला घड्या पडल्या आणि घड्यांची एक रांग रसाच्या वर उचलली गेली. मग तिसरा तुकडा आडवा येऊन त्या रांगेवर आदळला आणि आधीच्या घड्याच वाकल्या. गुळव्या झारा घेऊन आला आणि म्हणाला, "ए बाय, मागं सर, त्वांड भाजंल." त्याने सगळी मळी काढून टाकली. मी हिरमुसले. तुम्ही मला गरम गुळाचा गोळा उसाच्या कांड्यावर लावून दिलात आणि विचारलेत, "काय बघत हुतीस?" मी म्हणाले, "काय न्हाय." मला तेव्हा सांगता आले नसते.

राखी पट्ट्याची ती पाटी इंदापूरच्या शाळेने घेतली नाही. ती परत आली, आणि तुम्ही तिला चांगली चारबोटी जाड चौकट करून मला दिलीत. "ही तुजी. आपटलीस तरी फुटायची न्हाय. आन् ती पट्टी पुसायच्या नादाला लागू नगं." मी लागलेच. कोळशाने घासली, राखेने घासली, लिंबाने घासली. पट्टी जशीच्या तशी.

पाटाकाठच्या गावांत हिवताप होता आणि त्या वर्षी तो आपल्या घरी आला. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तुम्ही गेल्यावर इंदापूरचे हेडमास्तर आले, ओसरीवर बसले, आईशी आणि चुलत्यांशी बोलले आणि मला पुण्याच्या मुलींच्या शाळेत ठेवण्याची व्यवस्था त्यांनी केली. का केली ते त्यांनी सांगितले नाही. जाताना मला एवढेच म्हणाले, "तुझ्या वडिलांनी मला एक प्रश्न विचारला होता." पाटी मी घरीच ठेवून गेले, ती पुढे दुकानातल्या मालाबरोबर खोक्यात गेली असावी. पुण्यात कागदावर लिहीत होते.

आता मी काय केले ते सांगते. गेली दोन वर्षे कॉलेजच्या तुकडीबरोबर मी दक्षिणेकडे, तेलुगू मुलखातल्या डोंगरांत काम केले. तिथे पाट्यांचा दगड निघतो. दौंडवरून तुमच्याकडे येणारी खोकी तिथलीच होती की नाही हे मी खात्रीने सांगू शकत नाही, पण असावीत. तिथे डोंगरांच्या रांगाच्या रांगा आहेत, आणि त्यांच्या कापलेल्या कडांवर दगडाच्या घड्या उघड दिसतात, दुमडलेल्या सतरंजीसारख्या. तो दगड मुळात गाळच आहे, तात्या. फार जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला बारीक काळा चिखल, आणि मध्येच कधी थोडी राखी रेती. मग दोन्ही बाजूंनी तो दाबला गेला. घड्या पडल्या, दगड उचलला गेला, खोल गेला तिथे तापला. दाबताना चिखलातले अभ्रकाचे बारीक कण दाबाला आडवे वळले, सगळे एकाच दिशेने, म्हणून दगड आता त्या दिशेने सुटतो. जुने थर ज्या दिशेने होते त्या दिशेने तो सुटत नाही. पाटी म्हणजे ते नवे पापुद्रे. आणि माझ्या पाटीतली राखी पट्टी म्हणजे जुना थर, पापुद्र्याने तिरका कापलेला. ती पुसली जाणे शक्य नव्हते. ती वरवरची नव्हतीच, पाटीच्या आरपार होती.

गारा, दाबलेला, आणि वर थोडा भाजलेला. तुमच्या म्हणण्यात फक्त ममई चुकली.

माझे स्वतःचे काम यापुढचे आहे. काही ठिकाणी पाटीच्या दगडावर बारीक चुण्या दिसतात, कपड्याला पडाव्यात तशा. त्यांची दिशा मी शेकडो जागी मोजली. त्या पहिल्या दाबाच्या नाहीत. पहिल्या घड्या पडून गेल्यावर, बऱ्याच काळाने, दुसऱ्याच बाजूने पुन्हा दाब आला आणि जुन्या घड्याच नव्याने वाकल्या. डोंगर एकदा घडला, झिजला, आणि पुन्हा घडवला गेला. इथपर्यंत माझ्या प्रबंधाला कुणाचा आक्षेप नाही. शेवटच्या पानावर मी असे लिहिले आहे की हा दाब दोन वेगळ्या वेळी भूखंडे एकमेकांवर येऊन आदळल्याने आला असावा. जुने मत असे आहे की पृथ्वी निवते, आक्रसते आणि वाळल्या बोरासारख्या तिच्यावर सुरकुत्या पडतात. पण बोराला सुरकुत्या अंगभर पडतात. डोंगर अरुंद पट्ट्यांतच का उभे राहतात, आणि दुसऱ्यांदा दाब दुसऱ्या बाजूने का येतो, हे मला त्यातून समजत नाही.

माझे प्रोफेसर भले आहेत. त्यांनी प्रबंध दोनदा वाचला. "बाई, मोजमापे उत्तम आहेत. इतकी नीट मोजमापे मी फार थोड्या मुलांची पाहिली आहेत. पण हे शेवटचे पान काढा. बाहेरचे परीक्षक या मताला हसतात. ते एकच प्रश्न विचारतील: खंडे सरकतात म्हणता, मग ढकलले कुणी? काय सांगाल?"

मी प्रबंध उचलून पिशवीत ठेवला. मला त्या वेळी इंदापूरची ओसरी दिसत होती.

ढकलले कुणी याचे उत्तर माझ्याकडे नाही. पृथ्वीच्या पोटातला खडक उष्णतेने अतिशय हळू फिरत असावा, वर येत असावा आणि बाजूला सरकत असावा, असे एक मत अलीकडे मांडले गेले आहे. ते वाचताना मला सांगवीची कढई आठवली आणि क्षणभर सगळे उलगडल्यासारखे वाटले. पण आठवण हा पुरावा नव्हे. तो फिरणारा खडक कुणी पाहिलेला नाही, त्याचा वेग कुणी मोजलेला नाही, आणि कढईतल्या मळीवरून भूखंडांबद्दल लिहायला मला परवानगी नाही. तुम्ही असता तर मी तुम्हाला मात्र सांगितले असते की त्या दिवशी मी काय बघत होते.

काल आईने मला विचारले, "एका पानानं एवढं काय व्हतं? काढ म्हन्त्यात तर काढायचं. मानसं मोठी हायती." मी म्हणाले, पान काढले तर मी काय पाहिले ते राहते, पण मला त्याबद्दल काय वाटते ते जाते. आई म्हणाली, "तुज्या बाला समदे हसलं तरी त्यो यंत्रच म्हनत बसला." ती तक्रार करत होती की कौतुक, ते तिच्या तोंडावरून कळेना. मग ती म्हणाली, "इंदापूरच्या लोकांना मी पुढच्या म्हयन्यात कळवते म्हनून सांगितलंय. घाई न्हाय." आणि माझ्या ताटात तिने न विचारता तूप वाढले.

आज दुपारी दादा उरलेल्या पाट्या ओट्याच्या भरीच्या खड्ड्यात टाकत होता आणि मी आतल्या खोलीत शेवटचे पान पुन्हा लिहिले. काढले नाही. त्याच्या खाली एक वाक्य वाढवले: भूखंडे कोणत्या बलाने सरकली हे मला माहीत नाही. प्रोफेसर म्हणतील की हे वाक्य म्हणजे परीक्षकाच्या हाती आपण होऊन काठी देणे. तसेच आहे. जागा जाईल कदाचित. पण परीक्षकांनी विचारले तर मी काय उत्तर देणार आहे हे मला आता ठाऊक आहे, आणि ते मी सगळ्यांदेखत देऊ शकेन असे वाटते. इंदापूरच्या हेडमास्तरांना एक प्रत पाठवायची आहे. ते आता निवृत्त झाले आहेत.

तुम्हाला पाठवण्यासारखे काही नाही. हे कागद प्रबंधाच्या कच्च्या मजकुराबरोबर राहतील.

पाटी मी बरोबर नेणार आहे. कॉलेजात कुणी विचारले तर नमुना म्हणून सांगेन, आणि ते खोटेही नाही. मघाशी ओल्या फडक्याने ती पुसली. इतक्या वर्षांचा धुरळा होता, फडके काळे झाले. पाटी वाळेपर्यंत मी थांबले आणि मग पट्टी आहे ना ते पाहिले. ती असणारच होती. ती का असणार हे मी चाळीस पानांत लिहिले आहे. तरी पाहिले.